खुर्ची वाचली, मी राहिलो!

आगीबद्दल मला कोणी काही शिकवू नये!

गाद्यांचा एक अख्खा कारखाना माझ्या भरवशावर उभा आहे. फोम, कापड, डिंक, पुठ्ठे, सगळा माल असा की एखाद्यानं रागानं नुसतं पाहिलं तरी पेट घेईल. तिथला सुरक्षा अधिकारी मी! अंगात पिवळं चकचकीत जाकीट, गळ्यात शिट्टी आणि हातात भोंगा. कामगार माझ्या पाठीमागे मला 'भोंगासाहेब' म्हणतात. मला माहीत आहे ते. वाईट वाटायचं सोडाच, मला त्याचा अभिमान आहे!

आमच्याकडे अधूनमधून आगीचा सराव असतो. मी धुराचा डबा काढतो, त्याची कडी ओढतो आणि गोदामात ठेवतो. पांढराशुभ्र धूर! अपाय काहीही नाही, फक्त समोरचं दिसत नाही आणि डोळ्यांतून पाणी येतं. मग सगळ्यांनी मुकाट्यानं बाहेर पडून पाण्याच्या टाकीखाली जमायचं आणि प्रत्येक खात्यानं आपापली माणसं मोजायची.

यात माझी स्वतःची एक भर आहे. हरवलेला माणूस! मी एका माणसाला गुपचूप आत लपवून ठेवतो. मोजणीत तो कमी आहे हे ज्या खात्याला चटकन कळतं, ते खातं पास. एकदा हिशेबखात्यातला माणूस कपाटामागे बसला होता आणि त्याच्या खात्यानं खुशाल 'सगळे हजर' म्हणून सांगून टाकलं. त्या खात्याला मी पुढे कितीतरी दिवस तोंड वर काढू दिलं नाही. हिशेबखात्याला माणसं मोजता येत नाहीत, म्हणजे कमाल झाली!

तर असा मी. आता माझ्या घराचं ऐका.

शनिवारची दुपार होती. आम्ही चहाला बसलो होतो. आम्ही म्हणजे मी, बायको, आमची कॉलेजात जाणारी कन्या आणि आमच्याकडेच राहणाऱ्या सासूबाई. मी सहज विषय काढला.

"समजा, आत्ता घराला आग लागली. बाहेर पडताना एकच वस्तू हातात घेता येईल. तर कोण काय घेईल?"

"कारखान्यात तर तुम्ही सांगता, काहीही घेऊ नका, नुसते पळा," कन्या म्हणाली.

"तो कारखाना आहे. घरातली माणसं रिकाम्या हातानं बाहेर पडतच नाहीत, म्हणून ही एका वस्तूची सवलत. हं, बोला!"

"मी माझी उशी घेईन," सासूबाई म्हणाल्या. क्षणाचाही विचार न करता!

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ज्या बाईचा जावई गादीच्या कारखान्यात अधिकारी आहे, तिनं आगीतून काय वाचवायचं, तर एक जुनी कापसाची उशी? ती उशी आता उशी राहिलेलीच नाही, तिचा कापसाचा दगड झाला आहे. मी या बाईंसाठी कारखान्यातून फोमच्या उशा आणल्या. मऊ आणल्या, कडक आणल्या, मानदुखीवाल्या आणल्या. सगळ्या अडगळीच्या खोलीत पडल्या आहेत. "त्यांच्यावर डोकं ठेवलं की त्या डोकं परत पाठवतात," असं सासूबाईंचं म्हणणं!

"मी बटाट्याला घेईन," कन्या म्हणाली.

बटाटा म्हणजे तिचा मासा. नारिंगी आणि गोलमटोल. काचेच्या भांड्यात दिवसभर फिरतो आणि माझ्याकडे बघून तोंड उघडतो-मिटतो. मी मोठ्यानं बोलताना असाच दिसतो, असं कन्येचं मत आहे.

"अगं, आग लागलेल्या घरातून पाणी बाहेर नेणारी जगातली पहिली मुलगी तू असशील!"

"पण बाबा, तो पोहतो. पाण्याशिवाय कसा नेऊ?"

मी बायकोकडे वळलो. ती शांतपणे चहा गाळत होती.

"तू काय घेशील?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"तेव्हाचं तेव्हा? अगं, आग काय आधी पत्र पाठवून येते? आधीच ठरवायला हवं!"

"बरं. तुम्ही काय घ्याल?"

"माझी आरामखुर्ची!" मी ठणकावून सांगितलं.

बायकोनं गाळणी खाली ठेवली. या खुर्चीवरून आमच्याकडे जुनं वैर आहे. खुर्चीचा मागचा एक पाय तांब्याच्या तारेनं बांधलेला आहे, वेताची बैठक मध्ये जराशी खचली आहे आणि डावा हात धरला तर हातात येतो. पण त्या खुर्चीत बसलं की जी शांतता मिळते, ती आमच्या कारखान्याच्या कुठल्याही गादीवर मिळत नाही. (हे कारखान्यात कोणाला सांगू नका.) बायकोनं भंगारवाल्याला दारापर्यंत आणलं होतं. मी शिट्टी वाजवून त्याला परत पाठवला.

"माझा जीव आहे त्या खुर्चीत," मी म्हणालो. "बाकी सगळं जळालं तरी चालेल!"

सासूबाई चहा पिऊ लागल्या, कन्या माशाकडे बघू लागली. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. उशी झाली. मासा झाला. खुर्चीचं नाव मलाच घ्यावं लागलं. पण या घरात माझं नाव एकीच्याही तोंडून आलं नाही!

"उशा, मासे ठीक आहे," मी म्हणालो. "पण माणूस कोणी वाचवायचा की नाही?"

"कोणता माणूस?" सासूबाईंनी विचारलं.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली! "या घरात माणूस कोणता आहे?"

"बाबा, तुम्ही वस्तू विचारलीत," कन्या म्हणाली. "तुम्ही वस्तू आहात का?"

"आणि तुम्ही आपले आपण चालत बाहेर याल की," बायको म्हणाली. "खुर्चीला पाय असून चालता येत नाही. तुमचं तसं नाही ना?"

तिघी हसल्या. मी हसलो नाही. मी तिथल्या तिथे उभा राहून त्यांना घरगुती नियम सांगितले. धूर दिसला तर आरडाओरडा करायचा नाही. वाकून चालायचं. निघताना मागची सगळी दारं लावून कड्या घालायच्या, म्हणजे आग पसरत नाही. खाली रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबापाशी जमायचं आणि माणसं मोजायची. "माणसं मोजायची!" हे मी दोनदा सांगितलं.

"हो बाबा," कन्या म्हणाली. ती 'हो बाबा' म्हणते तेव्हा ती ऐकत नसते, असा माझा आजवरचा अनुभव. नेमकं त्या दिवशी तिनं ऐकलं!

त्या दिवशी मला चैन पडेना. एकच विचार. खरंच आग लागली, तर या तिघी मला मोजतील का? खांबाखाली उभ्या राहून बायकोच्या काळजात चर्र होईल का? "अहो कुठं आहेत?" असा टाहो तरी फुटेल का? कारखान्यात शेकडो माणसांची मोजणी घेणारा मी, माझ्या स्वतःच्या घरच्या मोजणीत आहे की नाही, हे मला कळायलाच हवं होतं. आणि ते कळायचा रस्ता मला चांगला ठाऊक होता. सराव! आणि हरवलेला माणूस मी स्वतः!

रविवारी सकाळी मी पिवळं जाकीट चढवलं.

"आज रविवार ना?" बायकोनं विचारलं.

"बॉयलरची तपासणी आहे. दुपारपर्यंत येतो!"

मी पुढचं दार उघडलं, धाडकन लावलं, आणि आतल्या आत चवड्यांवर चालत बोळातून अडगळीच्या खोलीत शिरलो. काय सफाई! मांजरानंही तोंडात बोटं घातली असती. फोन मी मुद्दामच झोपायच्या खोलीतल्या कपाटात ठेवला होता. हरवलेल्या माणसानं फोन जवळ बाळगायचा नाही, हा माझाच नियम आहे.

अडगळीची खोली म्हणजे नावालाच खोली. जुन्या बॅगा, बंद पडलेला पंखा आणि सासूबाईंनी नाकारलेल्या उशांचा ढीग. वर रस्त्याच्या बाजूला एक झरोका आणि दाराला बाहेरून कडी. मी दार किलकिलं केलं, कारखान्यातून आणून ठेवलेला धुराचा डबा जाकिटाखालून काढला, त्याची कडी ओढली आणि डबा उंबऱ्याबाहेर बोळात ठेवून दिला.

एका डब्यात गोदाम भरतं. आमचं घर गोदामाएवढं नाही, हे त्या क्षणी माझ्या जरा ध्यानातून गेलं होतं.

बघता बघता बोळ दिसेनासा झाला. मी दाराआड कान टवकारून उभा. आता ओरडा होणार, आता माझा धावा होणार!

"अगं, दूध लागलं की काय?" सासूबाईंचा आवाज.

"दूध नाही आई, धूर आहे. तू उशी घे आणि चल."

बस्स! एवढंच! हाक नाही, किंकाळी नाही, की "अहो" नाही! बाई भाजी आणायला निघाल्यासारखी बोलत होती. आरडाओरडा करायचा नाही हे मीच सांगितलं होतं, कबूल. पण नवऱ्याच्या नावानं एखादी हाक मारली असती तर तो काय आरडाओरडा झाला असता?

मग घर्र, घर्र असा आवाज येऊ लागला. काहीतरी जड ओढलं जात होतं. कपाट! मला खात्रीच पटली. घर जळतंय आणि ही बाई कपाट ओढत जिन्यापर्यंत नेते आहे! साड्या वाचतील, मी जळेन!

"आई, सगळी दारं लावू ना?" कन्येचा आवाज अगदी जवळून आला.

"लाव. बाबांनी सांगितलंय ना. कड्या घाल."

आणि धुरातून पावलं माझ्याच दिशेनं आली. वाकून चालली असती तर तिला डबा दिसला असता. पण हातात माशाचं भांडं, वाकणार कशी? तिचा पाय डब्याला लागला. डबा गडगडत उंबरा ओलांडून आत आला, माझ्या पायाशी येऊन थांबला. दार बंद झालं. खट्! बाहेरून कडी!

आता माझी अवस्था बघा. मी आत. डबा आत. धूर आत. आणि कडी बाहेर! आगीतून फुफाट्यात म्हणतात, पण इथं तर आग नसतानाच मी फुफाट्यात पडलो होतो!

तेव्हाच ओरडलो असतो तर भागलं असतं. पण मग सराव फुकट गेला असता. म्हटलं, खाली जाऊन मोजणी करू देत, एक माणूस कमी आहे हे कळू देत. मी नाकाला रुमाल लावून थांबलो. पुढचं दार लागल्याचा आवाज आला. जिन्यातली घर्र घर्र खाली गेली. मग शांतता. मग मला ठसका लागला, आणि एकदा लागला तो थांबेचना. डोळ्यांतून धारा. शेवटी मी दारावर धक्के मारून ओरडलो, "अगं ए! दार उघड!" पण घरात उरलं होतं कोण? मीच!

राहता राहिला झरोका. मी उशांच्या ढिगावर चढलो. आणि आमच्या मालाची प्रत काय वर्णावी! एवढा उत्तम फोम, की मी गुडघ्यापर्यंत आत गेलो. हातपाय मारून वर आलो, झरोक्याची काच ढकलली, श्वास घेतला, की उशांनी मला पुन्हा खाली ओढलं. पुन्हा वर, पुन्हा खाली. आमच्याकडच्या बटाट्याला मी त्या दिवसापासून कधीच हसलो नाही.

काच उघडल्यामुळे धूर मात्र भसाभस रस्त्यावर जाऊ लागला. खालून कोणीतरी ओरडलं, "आग! आग!" आणि सबंध इमारत रिकामी व्हायला लागली.

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. फोमनं वर येऊ दिलं की मला खालचा देखावा क्षणभर दिसायचा. तळमजल्यावरचे दाताचे डॉक्टर बाहेर आले होते. त्यांनी काय वाचवलं होतं? दवाखान्याच्या दारावरची स्वतःच्या नावाची पाटी! काखेत मारून उभे होते. त्यांच्या मागे त्यांचा पेशंट. गळ्यात फडकं, तोंडात कापसाचे बोळे आणि तोंड आ वासलेलं. बिचाऱ्याला ते मिटायला कोणी सांगितलंच नव्हतं.

पुन्हा वर आलो. दिव्याचा खांब दिसला. खांबाखाली सासूबाई बसल्या होत्या, पाठीला उशी लावून. शेजारी भांड्यात बटाटा. कन्या उभी, बायको उभी. आणि सासूबाई ज्यावर बसल्या होत्या...

माझी खुर्ची!

तारेच्या पायाची, खचलेल्या वेताची माझी आरामखुर्ची! म्हणजे घर्र घर्र कपाट नव्हतं तर! बायकोनं दोन मजले ती खुर्ची ओढत खाली नेली होती!

तुम्हाला वाटेल मला गहिवरून आलं. मुळीच नाही! माझा संताप संताप झाला. खुर्ची वाचली आणि खुर्चीवाला राहिला! उशी हजर, मासा हजर, खुर्ची हजर, आणि घरातला कर्ता पुरुष वर ठसकत पडलेला! आणि बायकोच्या चेहऱ्यावर काळजीची रेघ नाही. उलट ती डॉक्टरांना सांगत होती, "आमचे सगळे आले बाहेर."

सगळे! हिशेबखात्यानं तरी काय वेगळं केलं होतं?

"मी आहे! मी!" मी झरोक्यातून ओरडलो.

सगळ्यांत आधी पेशंटनं ऐकलं. तो वर बोट करून, "आ! आ! आऊअ!" असं काहीतरी म्हणू लागला. डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि विचारलं, "दुखतंय का?"

"आवाज आमच्या जावईबापूंसारखा येतोय खरा," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तो दिवसभर आपल्या कानात बसलेला असतो," बायको म्हणाली. "ते कारखान्यात गेलेत."

एवढ्यात घंटा घणघणत बंब आला. त्यांचे साहेब उडी मारून उतरले. माणूस माझ्यासारखाच, भारदस्त. त्यांच्या हातातला भोंगा माझ्या भोंग्यापेक्षा मोठा होता, ते मला जरा लागलं.

"दुसरा मजला कोणाचा?"

"आमचा," बायको म्हणाली.

"आत कोणी आहे?"

"कोणी नाही. आम्ही तिघी इथं आहोत. हे कामावर गेलेत. मोजूनच सांगते."

"नक्की?"

"नक्की!"

आणि माझ्या लग्नाच्या बायकोच्या साक्षीवरून त्यांनी माझ्यावर पाणी सोडलं!

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, हे ऐकून होतो. पण इथं आग कुठंच नव्हती आणि बंब मात्र बरोबर माझ्या तोंडावर! मी नेमका "मी आ..." म्हणायला वर आलो होतो. पुढचं सगळं पाण्याबरोबर पोटात गेलं. मी उशांवर आडवा. उशांनी पाणी पिऊन घेतलं आणि त्या आणखी खोल झाल्या. आणि डबा? तो कोपऱ्यात खुशाल धुमसतच होता. पाण्यानंही विझेना. का विझावा? खरेदी माझी होती, माल उत्तम!

शेवटचा उपाय म्हणून मी अंगातला सगळा जोर काढून उठलो आणि झरोक्यातून हात बाहेर काढला. पिवळी चकचकीत बाही. मी ती जिवाच्या आकांतानं हलवली.

खाली क्षणभर सगळं थांबलं. मग बायकोचा आवाज आला. असा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"बंद करा! पाणी बंद करा! तो हात आमच्या ह्यांचा आहे!"

"कशावरून?" साहेब म्हणाले.

"बाहीला काळं बटण आहे! मीच लावलंय! पिवळं मिळालं नाही म्हणून!" आणि मग वर बघून, "अहो! तुम्ही कारखान्यात ना?"

"नंतर सांगतो!" मी आतून ओरडलो.

मी पुन्हा खाली बुडालो, त्यामुळे पुढचं मला दिसलं नाही. कन्येनं नंतर सांगितलं. बायको धावत सुटली. बंबाच्या एका माणसानं तिला अडवलं, तर तिनं त्याला असं ढकललं की तो पाइपाच्या वेटोळ्यात जाऊन बसला. पायात चप्पल नाही, तोंडाला रुमाल नाही, वाकून चालणं नाही. माझा एकही नियम तिनं पाळला नाही! जिन्यातून ती "अहो, आले! आले मी! अहो!" असं ओरडत येत होती आणि ते मात्र मला ऐकू आलं. भिंतीपलीकडून, धुरातून, चांगलं स्वच्छ ऐकू आलं.

खरं सांगतो, त्या क्षणी मी सुखावलो. पण लगेच ध्यानात आलं की आता दार उघडणार, आणि कोपऱ्यात कारखान्याचा शिक्का मारलेला डबा धुमसतोय! मी घाईघाईनं डबा सासूबाईंच्या नाकारलेल्या उशीच्या ओल्या अभ्र्यात गुंडाळला आणि छातीशी धरला.

कडी निघाली. दारात बायको उभी होती. केस विस्कटलेले, डोळे लाल. तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. "भाजलंय का कुठं? हात बघू. बोला ना काहीतरी!" इतक्या वर्षांच्या संसारात तिला अशी घाबरलेली मी पाहिली नव्हती, आणि ती माझ्यासाठी घाबरली होती. मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं, दोन्ही एकदम. मी नुसता खोकलो.

तिनं मला धरून खाली आणलं. मी ओलाचिंब, छातीशी गाठोडं. खांबाखाली सबंध इमारत जमलेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या! मी मान लववली. काय करणार?

"शाब्बास," बंबाचे साहेब म्हणाले. "पण एवढ्या धुरातही गाठोडं सोडलं नाहीत. काय वाचवलंत एवढं?"

"काही नाही, घरगुती आहे," मी म्हणालो.

पण गाठोड्यातून पांढरा धूर यायला लागला होता. साहेबांनी अभ्रा उलगडला. आत डबा. डब्यावर मोठ्या अक्षरांत 'सरावासाठी', खाली आमच्या कारखान्याचा शिक्का. साहेबांनी डबा बघितला, माझं जाकीट बघितलं, मग वर झरोक्याकडे बघितलं. तिथला धूर थांबलेला होता. तो सगळा आता माझ्या हातातून येत होता.

"इतकी वर्षं मी या नोकरीत आहे," ते सावकाश म्हणाले. "लोक आगीतून दागिने आणतात. मांजर आणतात. एका गृहस्थांनी दाराची कडी उपटून आणली होती. पण आगीतून धूर वाचवून आणणारा माणूस मी आज पहिल्यांदा पाहिला!"

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच," दाताचे डॉक्टर पाटी सावरत म्हणाले. पेशंट हसला. त्याच्या तोंडातले बोळे बाहेर पडले.

बायको हसली नाही. ती डब्याकडे बघत होती. "म्हणजे तुम्ही गेलाच नव्हतात," ती म्हणाली.

आता गप्प बसावं की नाही? पण मी मुळात चिडलेलो होतो, आणि माझी बाजू खरी होती! "ते राहू दे! आधी मला सांग, मोजणीत मी का नव्हतो? उशी मोजलीस, मासा मोजलास, आणि नवरा?"

"तुम्ही 'येतो' म्हणालात. दार लागलेलं मी ऐकलं. बरं झालं घरात नाहीत, असं म्हणून पहिल्यांदा माझा जीव भांड्यात पडला."

"आणि खुर्ची? रोज भंगारात घालायला निघतेस, ती बरी दोन मजले ओढत घेऊन आलीस!"

"तुम्ही काल म्हणालात ना, तुमचा जीव आहे तिच्यात. म्हटलं, माणूस तर कारखान्यात सुखरूप आहे. त्याचा जीव घरात राहिलाय, तेवढा तरी बाहेर काढावा."

"आणि तुझं स्वतःचं काय आणलंस?"

तिनं आपल्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते. कोपराला खुर्चीच्या तांब्याच्या तारेनं लांब ओरखडा काढला होता, तिनं तो पदरानं झाकून घेतला.

माझा भोंगा आयुष्यात पहिल्यांदा बंद पडला.

"जावईबापू," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, "खुर्ची मात्र छान आहे हो! उशी लावली की अगदी चपखल बसते."

पुढचं थोडक्यात सांगतो. कारखान्यात गोष्ट माझ्याआधी पोचली. हिशेबखात्यानं मला हार घालायचा बेत केला होता, तो मी हाणून पाडला. मालकांनी हुकूम काढला की यापुढे सरावात हरवलेला माणूस कायम मीच. घरी अडगळीच्या खोलीची कडी काढून टाकली आहे. फोमच्या उशा वाळत टाकल्या आहेत, त्या अजून ओल्याच आहेत. खुर्ची सासूबाईंकडे गेली ती गेलीच. मी बसायला गेलो की त्या म्हणतात, "तुमचा जीव आहे ना तिच्यात? मग मी जपते की!"

आणि बायको? फक्त एक झालं. आता रोज सकाळी मी "येतो" म्हटलं की तेवढ्यावर भागत नाही. ती खिडकीत येऊन उभी राहते. मला खाली जाऊन दिव्याच्या खांबापाशी थांबावं लागतं, वर बघावं लागतं आणि काळ्या बटणाचा हात हलवून दाखवावा लागतो. तिनं मान हलवली की मग मी सुटलो. इमारतीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना कोपरखळ्या मारतात. "बघा, एवढ्या वर्षांनीही केवढं प्रेम!"

प्रेम कसलं! मोजणी आहे ती!

पण काल ती खिडकीत यायला जरा उशीर झाला, तर मी खांबापाशी ताटकळत उभा राहिलो. बस चुकली तरी हललो नाही. हे तेवढं घरी कोणाला सांगू नका.